दुधाळ रक्ताचा आजार: ताट कसं मांडायचं, नवं संशोधन कसं वाचायचं

उपाशीपोटी काढलेलं रक्तही नळीत दुधासारखं दिसलं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १००० मिग्रॅ/डेसीलिटरच्या पुढे गेले, तर ती नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवायला लॅबवाल्यांना सांगा. सकाळी वर सायीसारखा थर आला तर ते कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणातल्या चरबीचे न फुटलेले कण. नेहमीच्या गोळ्यांनी आकडा हलत नसेल, तर जनुक तपासणी करून घ्या. बहुतेकदा दोष एलपीएल जनुकात, म्हणजे ही चरबी फोडणारं विकर बनवणाऱ्या जनुकात सापडतो. हा आजार, म्हणजे फॅमिलियल कायलोमायक्रॉनेमिया सिंड्रोम, दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो, पण आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच. आपल्याकडे मामा-आत्याच्या घरात सोयरीक होते, म्हणून भावंडंही तपासा. दर बाळंतपणाला २५ टक्के शक्यता असते.

खरी भीती स्वादुपिंडाच्या सुजेची. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी कळ आली की थांबू नका, दवाखाना गाठा. रक्त दुधाळ असताना अमायलेज (या सुजेची एक रक्ततपासणी) खोटंच नॉर्मल येऊ शकतं आणि सोडियम खोटंच कमी दिसतं. म्हणून ‘लायपेज (दुसरी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी किंवा सीटी बघा’ हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

आता ताट. दिवसभराची एकूण चरबी साधारण १५ ते २० ग्रॅम, तीही तिन्ही जेवणांत वाटून. मुलांचा हिशोब आहारतज्ज्ञाकडून करून घ्या. इथं घात तेलापेक्षा शेंगदाणा करतो: ३० ग्रॅम, म्हणजे एक मूठ, की जवळपास १५ ग्रॅम चरबी. चटणीत दाणे, भाजीत कूट, वरून पुन्हा तेल, की दिवसाचा कोटा एका जेवणात संपला. आमटी दाट करायला कुटाऐवजी भाजलेल्या डाळ्याचं पीठ घाला. मोठ्या चमच्यात जेमतेम अर्धा ग्रॅम चरबी. म्हशीचं दूध बंद, पूर्ण चरबी काढलेलं (स्किम्ड) दूध चालेल. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंड्याचा पांढरा भाग बिनधास्त. तेल मात्र शून्यावर आणू नका, आवश्यक फॅटी आम्लं शरीराला लागतातच. दिवसाला चहाचा एक चमचा करडईचं तेल द्या: साडेचार ग्रॅम चरबी, त्यात तीनेक ग्रॅम लिनोलिक आम्ल, हे त्या आवश्यक आम्लांपैकीच. चमचा अंदाजानं भरू नका, काट्यावर मोजा.

एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचं खास तेल) आतड्यातून थेट यकृताकडे जातं, म्हणून चालतं. पण थोड्यापासून सुरुवात करा, नाहीतर जुलाब होतात; तळणाला वापरू नका. खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे, त्यातलं लॉरिक आम्ल बहुतांशी कायलोमायक्रॉनच्याच वाटेनं जातं. साखर, गूळ कमी, दारू पूर्ण बंद. इस्ट्रोजेनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

संशोधनाची बातमी वाचताना आधी औषध कशावर काम करतं ते पाहा. ग्लायबेरा हे जनुकोपचाराचं इंजेक्शन युरोपात २०१२ मध्ये मंजूर झालं. किंमत प्रचंड, घेणारे जवळजवळ नाहीत, २०१७ मध्ये ते बाजारातून गेलं. मोडलेलं जनुक बदलण्याऐवजी आता मुख्य भर एपीओसी३ हे प्रथिन दाबण्यावर आहे. हे प्रथिन चरबीचे कण यकृताला उचलू देत नाही; ते कमी झालं की एलपीएल नसतानाही वाट मोकळी होते. वोलानेसॉर्सेन या औषधानं हे दाखवलं, पण त्यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरतात. त्याच वाटेवरच्या ओलेझार्सेनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, महिन्याला ८० मिलिग्रॅम. प्लोझासिरानला नोव्हेंबर २०२५ मध्ये, तीन महिन्यांतून एकदा २५ मिलिग्रॅम.

दुसरं, ट्रायग्लिसराइड किती टक्के घटले याला भुलू नका, स्वादुपिंडाचे झटके किती कमी झाले ते शोधा. ओलेझार्सेनच्या ६६ जणांच्या चाचणीत वर्षभरात प्लासिबो (औषध नसलेलं नकली इंजेक्शन) गटात ११ झटके आले, औषधाच्या दोन्ही गटांत एकेक. आकडा हा. आणि ओलेझार्सेन, प्लोझासिरान ही दोन्ही औषधं प्रौढांसाठी, पथ्यासोबतच घ्यायची आहेत. पथ्य सुटलं की फायदा सुटला.

भारतातली चाचणी शोधायची तर सीटीआरआय या देशातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदणीत पाहा. सहभागासाठी पैसे मागणाऱ्याला हाकला. जनुक अहवाल, उपाशीपोटीचे जुने ट्रायग्लिसराइड, झटक्यांची डिस्चार्ज कार्डं तारखेनुसार लावून ठेवा. पात्रता ठरवताना आधी हीच मागतात.