क्लॅरोनेटचा बॅरल बदलायचा असेल तर

"बॅरल काय, पासष्ट मिलिमीटरची नळी. बसली की झालं," असं सांगणारे दुकानदार मला आजवर तीन भेटले. त्यातल्या दोघांचं मी ऐकलं. ते दोन्ही बॅरल अजून माझ्या पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळून पडलेत. कुणी मागितलेच तर फुकट देईन, पण वाजवायला नको म्हणून सांगेन.

बॅरल म्हणजे माउथपीस आणि वरचा जॉइंट यांच्यामधला आखूड, फुगीर तुकडा. फुंकेची गरम, ओली हवा सगळ्यात आधी ह्याच लाकडाला लागते, म्हणून तडा जायचा धोका ह्यालाही असतो.

पण आधी बदलायचा तरी आहे का, ते बघा. सैल बसतो म्हणून बॅरल बदलू नका, जॉइंटचं कॉर्क बदला. पावसाळ्यात अडकून बसतो म्हणूनही बदलू नका, लाकूड फुगलंय, उतरेल. केसासारखी तडा असेल तर चांगला कारागीर ती भरून देतो. तडा आरपार गेली असेल, जॉइंट ज्यात बसतो ती आतली खोबण झिजून अंडाकृती झाली असेल किंवा सूरच जुळत नसेल, तरच नवा घ्या.

जुन्या बॅरलची लांबी व्हर्निअरने मोजा. पट्टीने नाही. कोल्हापुरात, लेथ-कारखान्यांच्या उद्यमनगरच्या गावात राहून कुणी पट्टी काढली की मला राग येतो.

त्याच व्हर्निअरने आतला बोअरही, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, दोन्ही टोकांना मोजून ठेवा. फ्रेंच धाटणीच्या बऱ्याच वाद्यांचा बोअर १४.६ ते १४.८ मिमीच्या घरात असतो. बूझी अँड हॉक्सच्या १०१० सारख्या जुन्या विलायती वाद्यांचा १५ च्या वर जातो. एकाचा बॅरल दुसऱ्याला लावला तर तो बसतो, पण आत जोडावर पायरी पडते आणि खालच्या-वरच्या सप्तकांचं नातं बिघडतं. शिवाय अनेक बॅरल आतून सरळ नसतात, वर रुंद आणि खाली किंचित अरुंद असतात. तुमचा तसा असेल तर नवाही तसाच पाहिजे. खोबणीची खोलीही बघा. जॉइंट पूर्ण आत गेल्यावर तळाशी मोकळी खाच राहत असेल तर तो बॅरल तुमच्या वाद्याचा नाही.

आता लांबी. इथे मी सपशेल तोंडावर पडलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जानेवारीतली वरात होती, रात्रीचे अकरा वाजलेले. कीबोर्डवाला आपल्या जागी ठाम आणि मी पूर्ण आत ढकलूनही उतरलेला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, "सूर चढवायचाय" म्हटलं, त्याने ६२ मिमीचा बॅरल हातात ठेवला. तिथेच सा लावून बघितला, बरोबर कीबोर्डवर बसला. खूश होऊन पैसे देऊन आलो. मे महिन्यात दुपारच्या लग्नात तोच बॅरल काढला आणि वाद्य असं चढलं की ४ मिमी बाहेर ओढावं लागलं. ओढल्यावर सा जागेवर आला, पण गळ्याचे सूर, म्हणजे ओपन जी (सगळी भोकं उघडी), ए आणि बी-फ्लॅट, भलतीकडेच पळायला लागले. पुढं नाचणाऱ्यांना कळलं नाही. ट्रंपेटवाल्याला कळलं. त्याने मागं वळून नुसतं बघितलं.

चूक बॅरलची नव्हती. मी थंडीला बॅरलने उत्तर द्यायला गेलो होतो. हवा एक अंशाने तापली की सूर ३ सेंटच्या आसपास चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). फुंकेने आतली हवा थोडी गरम राहते म्हणून सगळा फरक दिसत नाही, पण जानेवारीची रात्र आणि मेची दुपार यात जो दिसतो तो भरपूर असतो. कीबोर्डला थंडी वाजत नाही, आपल्याला वाजते.

दुसरी गोष्ट मला त्याहून उशिरा कळली. बॅरल सगळे सूर सारखे चढवत-उतरवत नाही. ओपन जी वाजतो तेव्हा हवेचा स्तंभ २५ सेंटीमीटरच्या आसपास असतो. सगळी भोकं झाकून सगळ्यात खालचा ई वाजवला की तोच ६० च्या जवळ जातो. त्या २५ मधून एक मिलिमीटर काढला तर सूर ५ ते ७ सेंट चढतो, ६० मधून काढला तर जेमतेम ३. माझ्या ६२ च्या बॅरलने ओपन जी पंधरा-वीस सेंट चढवला आणि खालचा ई नऊच. म्हणजे वाद्य आपल्या आपल्यातच बेसूर झालं. एकट्या सा वर बॅरल निवडणारा ह्याच खड्ड्यात पडतो. मी पडलो, तुम्ही पडू नका.

म्हणून असं करा. वीस अंशांच्या वर तापमान असेल असा दिवस निवडा आणि वाद्य पंधरा मिनिटं वाजवून गरम करा. मोबाईलवरचा ट्यूनर ए=४४० वर (ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा) ठेवा. जुनाच बॅरल पूर्ण आत ढकलून हे सूर वाजवा: ओपन जी (क्लॅरोनेटचा सूर ट्यूनरवर एक स्वर खाली दिसतो, म्हणून एफ, म्हणजे पांढरी चार), गळ्यातला ए, सगळ्यात खालचा ई (पांढरी दोन), खालचा सी, त्याच बोटांवर रजिस्टर की (वरच्या सुरांची कळ) दाबून वरचा जी. डोळे मिटून वाजवा. आकडे दुसऱ्याला लिहू द्या. हे चेष्टेनं म्हणत नाही. सुई दिसली की ओठ आपोआप तिच्यामागे जातो आणि वाद्याचा दोष लपतो. माझा पुतण्या लिहायचा. "काका, परत एकदा, हालतंय," म्हणून त्याने मला तासभर रडवलं, पण कागद खरा आला.

कागद वाचताना एवढंच बघा. सगळे सूर एकाच बाजूला चुकतायत आणि गळ्याचा आकडा खालच्या ई च्या दुप्पट आहे? मग दोष लांबीचा. चढत असेल तर लांब बॅरल घ्या, उतरत असेल तर आखूड, आणि एका वेळी एकच मिलिमीटर. ६५ चा असेल तर ६६ किंवा ६४ बघा, ६२ कडे बघूच नका. खालचा ई जागेवर आणि गळा तेवढा चढलेला असेल तर एक मिलिमीटर लांब घेऊन बघायला हरकत नाही. खालचा सी आणि वरचा जी यांचंच पटत नसेल तर लांबीने काहीही होणार नाही, तो बोअरचा किंवा माउथपीसचा मामला. माउथपीस आधी तपासा. व्हँडोरेन कंपनीच्या १३ सिरीजचे माउथपीस ए=४४० साठी काढलेले आहेत, आणि बरीच युरोपी वाद्यं ४४२ धरून बनतात. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि कागदावर सगळेच सूर, गळ्याचे तसेच खालचेही, सारखे पन्नासेक सेंट चढलेले असतील तर वाद्य उलटंपालटं करून 'एचपी' (हाय पिच, म्हणजे चढा सूर) असा शिक्का शोधा. जुन्या ब्रिटिश लष्करी बँडचा ए ४५२ च्या आसपास असायचा. ४४० वर सगळ्यांचं एकमत झालं ते १९३९ च्या लंडन परिषदेत. तसं वाद्य वडिलोपार्जित म्हणून घरात असू शकतं आणि लाकूड उत्तम असतं, पण बॅरलने ते ४४० वर येत नाही. ओपन जी उतरवायला ७ मिमी लांबी लागेल आणि खालचा ई उतरवायला १६. दोन्ही एकदम कुठून आणणार? ते काचेच्या कपाटात ठेवा.

लाकडाबद्दल फार वाद घालू नका. ग्रेनाडिला चांगलं, शिसव चालतं. पण रस्त्यावर वाजवणाऱ्याने एबोनाइट (कडक रबर) घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मिरवणुकीत मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोड, पापाची तिकटी करत गंगावेशीपर्यंत भिजत जायचं आणि लाकूड फुटलं म्हणून रडायचं, याला काही अर्थ नाही. लाकडाचा गोडवा श्रोत्याला ऐकू येतो म्हणणाऱ्याने एकदा ढोल-ताशाच्या शेजारी उभं राहून दाखवावं.

उद्यमनगरात लेथवर बॅरल करून घ्यायचा मोह कोल्हापुरात सगळ्यांनाच होतो. मलाही झाला. मिस्त्रीने एबोनाइटचा दांडा लावला, काळी वळवळती किस निघायला लागली, शेडभर गंधकाचा वास. बाहेरून काम इतकं सुबक की बघत राहावं. "मामा, आत किती ठेवू?" म्हणाला. मी म्हटलं, "चौदा पॉइंट सहा." त्याने वरपासून खालपर्यंत सरळ १४.६ काढून दिला, कारण वर किती आणि खाली किती हे मी सांगितलंच नव्हतं. करून घ्यायचाच असेल तर दोन्ही टोकांचे बोअर, दोन्ही खोबणींची रुंदी आणि खोली कागदावर काढून न्या, आणि जुना बॅरल त्याच्यासमोर ठेवा. लांबी मुद्दाम अर्धा मिलिमीटर जास्त ठेवायला सांगा. कमी करता येते, वाढवता येत नाही.

नवा लाकडी असेल तर पहिले दोन आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवा आणि खोबणीतलं पाणी प्रत्येक वेळी पुसा. कॉर्कला ग्रीस लावा, खोबरेल नको, थंडीत गोठतं. बसवण्याआधी वरची बाजू कोणती ते बघून घ्या. कित्येक बॅरल उलटेही छान बसतात, आणि आतून निमुळता असेल तर सगळी मोजमापं पाण्यात जातात. मी माझ्या बॅरलच्या वरच्या कडेला आत पांढऱ्या पेन्सिलने बारीक टिंब केलंय.