मागच्या चाकाची ठकठक : गॅरेजात नव्यानं येणाऱ्यांसाठी

खानापूरकडचे एक शिक्षक आपली छोटी गाडी घेऊन आले, तेव्हा मला बेळगावच्या गॅरेजात चार महिने झाले होते. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स पुरा झालेला, शॉकअप, म्हणजे गाडीचं डोलणं आवरणारं तेल भरलेलं नळकांडं, कसा चालतो ते वहीत आकृतीसकट लिहिलेलं. "मागनं ठकठक येऊलालीय," सर म्हणाले. मी मागचा कोपरा दाबून सोडला, डाव्या शॉकअपला तेलाची ओल दिसली, आणि कुणाला न विचारता दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. आठ दिवसांनी सर परत आले. आवाज तसाच.

आमच्या मालकांना आम्ही सगळे मामाच म्हणतो. मामांनी पान्ह्याला हात लावला नाही. पाण्याचा पाइप लावून गाडीचं बूड धुतलं. जांबोटी-कणकुंबी भागातली तांबडी माती पावसात अशी चिकटते की स्प्रिंगची बैठक पार बुजून जाते. माती गेली तेव्हा उजव्या स्प्रिंगचा तळाचा अर्धा वेढा तुटून वेगळा पडलेला दिसला. चाक खड्ड्यात गेलं की तो तुकडा बैठकीवर आपटायचा. "आधी धू, मग बघ," एवढंच मामा बोलले. त्यांनी स्प्रिंगची मजुरी घेतली नाही, पण शॉकअपला गेलेले सरांचे पैसे माझ्या घाईनं गेले होते. ते मला आजही खुपतं, म्हणून हे लिहितोय.

त्या शॉकअपला खरं तर काही झालं नव्हतं. दांड्याजवळ तेलाची पातळ ओल आणि तिच्यावर धूळ बसणं हे बऱ्याच चांगल्या शॉकअपलाही असतं. तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील, किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी वर येऊन थांबायच्या ऐवजी डोलत राहिली, तर तो गेला समजायचा. बदलायचे ते मात्र जोडीनंच, एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना ठेवला तर गाडी दोन्हीकडे सारखी सावरत नाही.

आपल्या भागात अर्धी गिऱ्हाइकं कानडी बोलतात. "हिंद सप्पळ बराकत्तैति" म्हणजे मागून आवाज येतोय, एवढं कळून भागत नाही. "यावाग?", म्हणजे कधी, हे विचारायला शिका. खरं निदान या प्रश्नातच आहे. सावकाश जाताना बारीक खडीवर कटकट होते, की मोठ्या स्पीडब्रेकरवर एकदाच धाडकन आवाज येतो? एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो, की दोन्ही? बारीक कटकट बहुतेक वेळा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगच्या रबराची किंवा ढिल्या नटाची असते. लोड भरल्यावरच धाडकन वाजत असेल तर गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंग पुरती दबली की टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटतेय. स्प्रिंग दबून खाली बसली आहे का, बंप स्टॉपचं रबर जागेवर आहे का, ते बघा. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते फुटतात, तेव्हा अशा गाड्या जास्त येतात.

प्रश्न विचारून झाले की डिकी रिकामी करा. स्टेपनीचा बोल्ट, जॅक, टॉमी (लोखंडी पहार), मागच्या सीटचं लॉक, सगळं हाताळून बघा. सायलेन्सर टांगायची रबरं सैल झाली असतील तर तो खालून बॉडीला लागतो आणि हुबेहूब शॉकअपसारखा वाजतो. लोखंडातून आवाज कुठच्या कुठे जातो. उजवीकडचा आवाज डावीकडे ऐकू आल्याचं मी कितीदा बघितलंय. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून ट्रायल मारा. रिकाम्या रस्त्यावर, अगदी हळू वेगात, मागे कुणी नाही बघून हँडब्रेक किंचित ओढा. ठकठक थांबली तर आधी ब्रेकचा ड्रम उघडा, आत ब्रेकचे शू सैल होऊन हलत असतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी जॅकवर उचलली की चाकं लोंबतात, स्प्रिंग ताणली जाते आणि झिजलेल्या बुशातला (बोल्टभोवतीच्या रबरी नळीतला) खेळ, म्हणजे सैलपणा, पुष्कळदा दिसेनासा होतो. नवीन पोरं तिथंच फसतात. पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, गाडी चाकांवर उभी असते, तिथंच बघा. एकानं मागची बाजू वरखाली दाबायची, दुसऱ्यानं खालून एकेका बोल्टवर, बुशावर हात ठेवायचा. जिथं ठोका आहे तिथं बोटाला कळतो, कानापेक्षा लवकर. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बोट कधीही घालू नका. टॉमी लावून बुश हलवताना रबर थोडं दबणारच, त्यात दोष नाही. लोखंडाला लोखंड लागून टक् झालं की तो बुश गेला.

बोलेरोसारख्या पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) गाडीत शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक टांगणाऱ्या कड्यांचे, बुश आणि पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट व सेंटर बोल्ट आधी बघायचे, एखादा पाटा तुटलाय का तेही. पण क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना सपाट रस्त्यावरही ठक् होत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, तपासा. तो सस्पेन्शनचा दोष नव्हे.

काही गाड्यांत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. तिथं शॉकअपचा खालचा बोल्ट काढण्याआधी ॲक्सलखाली दुसरा जॅक लावा. नाहीतर ॲक्सल खाली पडतो, ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो आणि स्प्रिंग सुटू शकते. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका, आधी घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लावा. हे सांगताना माझा आवाज चढतो, गॅरेजातल्या पोरांना ते माहीत आहे.

बुश बसवल्यावर बोल्ट आधी हातानं लावून ठेवा. शेवटचा ताण गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा, टॉर्क रेंचनं (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्ह्यानं), त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. लोंबत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नवा बुशही लवकर फाटतो. दोन महिन्यांनी तीच ठकठक परत आलेल्या कित्येक गाड्यांत मला हेच सापडलंय, आणि गिऱ्हाईक मात्र "पार्ट डुप्लिकेट होता" असं म्हणत गेलेलं असतं.

सरांच्या गाडीचं काम झाल्यावर मामांनी त्यांनाच चालवायला लावली आणि मला मागच्या सीटवर बसवलं. उद्यमबागेतल्या आतल्या रस्त्यांवर दोन फेऱ्या झाल्या. खड्डा आला की सर आरशातून माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचो. शेवटच्या ट्रायलला मी अजूनही मागेच बसतो, गाडी गिऱ्हाईकच चालवतं.