कंडोम वापरला, तरी दिवस गेले?

समुपदेशन करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: ठेवला कुठे होता? उत्तर बहुधा, खिशातल्या पाकिटात. उष्णतेनं, घासण्यानं रबर कमकुवत होतं. वेष्टनावरची मुदत बघा, ते बोटांनी दाबा. आतली हवा जाणवली की ठीक. दातांनी फाडू नका.

ताठरता आल्यावर, स्पर्शाआधीच चढवा. "शेवटी घालतो" म्हणणाऱ्यांसाठी: तोवर उशीर झालेला असतो. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि मुळापर्यंत उलगडायचा. उलगडतच नाही? मग उलटा बसलाय. तोच फिरवून लावू नका, बाहेरून वीर्य लागलेलं असू शकतं, नवा घ्या. खोबरेल, पेट्रोलियम जेली लेटेक्सला, म्हणजे कंडोमच्या रबराला, चालत नाही. पाण्यावर आधारित वंगण घ्या. दोन एकावर एक घालणारे अतिहुशारही भेटतात. नको, एकच पुरे.

वीर्यपतनानंतर ताठरता असतानाच कड धरून बाहेर या.

फाटलाच तर गर्भनिरोधासाठी तातडीची गोळी शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्या. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक औषधांचीही मुदत तीच. हर्पिस हा फोड आणणारा लैंगिक संसर्ग मात्र कंडोमनं न झाकलेल्या त्वचेतूनही पसरतो. फोड दिसत असतील तर थांबा.