स्वतःचे संकेतस्थळ एका छोट्या स्क्रिप्टवर कसे चालवावे

दहा-पंधरा पानांच्या वैयक्तिक संकेतस्थळासाठी डेटाबेस, प्लगइन आणि सततचे अपडेट हा सगळा पसारा मांडावाच लागतो असे नाही. लेख साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये लिहावेत, त्यांची एचटीएमएल पाने आपल्याच संगणकावर तयार करावीत आणि ती सर्व्हरवर पाठवावीत, एवढेच खरे काम असते आणि ते वीस-पंचवीस ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये, बसते. लिनक्स आणि मॅकवर त्यासाठीची साधने सहज मिळतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय, बसवून घ्यावे. सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या मार्गाने, प्रवेश मिळणार की नाही, हे मात्र होस्टिंगचे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण त्यावाचून पुढचे काहीच जमत नाही.

सुरुवातीला एक फोल्डर करून त्यात तीन कप्पे पाडावेत: एक लेखांचा, दुसरा साचा (सर्व पानांची सामाईक मांडणी) व चित्रांचा आणि तिसरा तयार पानांचा. तिसऱ्या कप्प्यात हाताने काहीही लिहू नये. तो कधीही पुसून टाकता आला पाहिजे आणि स्क्रिप्ट चालवताच पुन्हा भरला पाहिजे. सर्व्हरवर जाऊन एखादी चूक थेट तिथेच सुधारण्याचा मोह सर्वांना होतो, परंतु पुढच्या वेळी पाने पाठवली की ती दुरुस्ती पुसली जाते. पहिले दोन कप्पे गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवावेत आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या जागी असू द्यावी.

फाइलींची नावे रोमन लिपीत द्यावीत, असे मराठीत लिहिणाऱ्याला सांगणे मलाही रुचत नाही, पण त्याला व्यावहारिक कारण आहे. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरे होतात. त्यामुळे स्वर-चिन्हांसह आठ चिन्हांचे ‘पुरणपोळी’ हे नाव कोणाला पाठवताना ७२ अक्षरांची अगम्य माळ होऊन बसण्याची शक्यता असते.

पाने तयार करण्यासाठी पॅनडॉक पुरेसे आहे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये प्रसिद्ध केले. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी शीर्षके, दुवे दाखवणाऱ्या मजकुरात, लिहिलेला लेख आणि आपला साचा त्याला दिला की शीर्षक, मेनू व तळटिपांसह पूर्ण पान मिळते. स्क्रिप्टने लेखांच्या कप्प्यातील प्रत्येक फाइलसाठी हीच आज्ञा एकेकदा चालवायची असते. साच्यात वर्णसंच यूटीएफ-८ आणि भाषा मराठी असल्याचे नोंदवण्यास विसरू नये. भाषेची नोंद असली की ज्या फाँटांमध्ये सोय आहे ते ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने दाखवतात, एरवी ती अक्षरे हिंदी वळणाची दिसू शकतात.

पाने पाठवण्यासाठी आरसिंक वापरावे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेले हे साधन दोन्हीकडच्या फाइली ताडून फक्त फरक पाठवते. येथे तीन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली तिरक्या रेघेची: मूळ फोल्डरच्या नावापुढे रेघ दिली तर त्यातील पाने जातात, न दिली तर ते फोल्डरच उचलून आत ठेवले जाते आणि मुखपृष्ठ सापडेनासे होते. दुसरी तपासणीची: एरवी आरसिंक फाइलचा आकार आणि वेळ पाहते, परंतु आपली पाने दर वेळी नव्याने तयार होत असल्याने सगळ्यांचीच वेळ बदललेली असते, म्हणून चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) हा पर्याय देऊन मजकूर ताडायला लावावे.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट डिलीट या पर्यायाची. आपल्याकडून काढलेली पाने सर्व्हरवरूनही जावीत यासाठी तो लागतो, पण आपल्याकडचे फोल्डर रिकामे असेल तर तो सर्व्हरही तितक्याच निष्ठेने रिकामा करतो. माझ्याकडून हे एकदा घडले आहे: साच्याच्या नावात चूक झाल्याने एकही पान तयार झाले नाही, तरी स्क्रिप्ट पुढे चालत राहिली आणि काही सेकंदांत संकेतस्थळ कोरे झाले. मूळ लेख हाताशी होते म्हणून दहा मिनिटांत निभावले.

तेव्हापासून माझी प्रत्येक स्क्रिप्ट ‘सेट’ आज्ञेच्या ई आणि यू या पर्यायांनी सुरू होते. पहिल्याने बहुतेक चुकांपाशी काम तिथेच थांबते, दुसऱ्याने किंमत न दिलेले चल वापरले तर थांबते. पाठवण्याआधी मुखपृष्ठाची फाइल आहे आणि ती रिकामी नाही, हे तपासावे. मॅक्स-डिलीट पर्यायाने एका वेळी पाचाहून अधिक फाइली पुसल्या जाणार नाहीत अशी मर्यादा घालावी. स्क्रिप्टने आधी ड्राय-रन, म्हणजे काहीही न बदलता रंगीत तालीम, करून काय जाणार आणि काय पुसले जाणार याची यादी दाखवावी आणि आपण ‘हो’ म्हटल्यावरच खरे काम करावे.

प्रवेशासाठी पासवर्ड स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये. एसएसएचची किल्ली तयार करून तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवावा.

देखभालीत राहते ते मुख्यतः सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळाची https जोडणी ज्यावर चालते ते. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे सर्वसाधारणपणे ९० दिवसांची असतात आणि सर्टबॉट हा सर्व्हरवरील प्रोग्राम ती आपोआप नव्याने घेतो, पण मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणे त्या संस्थेने २०२५ मध्ये बंद केले आहे. म्हणून ओपनएसएसएल या प्रमाणपत्रे तपासणाऱ्या साधनाच्या चेकएंड पर्यायाला १२,०९,६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस, सांगून एक दोन ओळींची स्क्रिप्ट लिहावी आणि ती क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, रोज सकाळी चालवून मुदत त्याहून कमी उरली तरच स्वतःला ईमेल पाठवावे. ही तपासणी सर्व्हरवर न ठेवता दुसऱ्या संगणकावर ठेवावी, कारण सर्व्हरच बंद पडला तर त्यावरील क्रॉनही बंदच असणार.