पेठांमध्ये पायी: खरेदी आणि खाण्याचा दिवस कसा आखावा

पुण्याच्या पेठांमध्ये खरेदीला निघताना दुकानांची नव्हे, तर आळ्यांची यादी करावी, कारण इथला बाजार अजूनही बराचसा धंद्यांनुसार वसलेला आहे. पुस्तके आणि वह्यांसाठी अप्पा बळवंत चौक, साड्या आणि सोन्यासाठी लक्ष्मी रस्ता, संसाराच्या किरकोळ वस्तूंसाठी तुळशीबाग, घाऊक मालासाठी रविवार पेठ व तिच्यातली बोहरी आळी आणि तांब्याच्या भांड्यांसाठी कसब्यातली तांबट आळी. एका दिवसात यांपैकी दोन, फार तर तीन भाग नीट पाहून होतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या अनेक दुकानांना सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे तो वार टाळावा.

गाडी घरीच ठेवावी. सप्टेंबर 2024 मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून थेट मंडईत उतरता येते. सकाळी लवकर पोहोचल्यास आधी महात्मा फुले मंडईची इमारत पाहून घ्यावी. 1886 साली रे मार्केट या नावाने उघडलेल्या या दगडी वास्तूच्या मधोमध मनोरा आहे आणि भाजीचे गाळे त्याच्या भोवतीने पसरलेले आहेत. भाजी मात्र परतताना घ्यावी, नाहीतर दिवसभर मेथीची जुडी सांभाळत फिरावे लागते.

न्याहारीला मिसळ खावी. तुळशीबागेतच श्रीकृष्ण भुवन आहे. थोडे अधिक चालण्याची तयारी असेल तर नारायण पेठेत बेडेकरांकडे जावे. तिथला रस्सा किंचित गोडसर असून सोबत पावाऐवजी स्लाइस येतात. कोल्हापुरी झणझणीतपणाची सवय असलेल्यांना हा प्रकार मिळमिळीत वाटतो, पण माझ्या मते सकाळच्या रिकाम्या पोटाला तोच मानवतो.

तुळशीबागेत पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी राममंदिर उभारले, आणि त्या मंदिराभोवतीच भातुकलीची भांडी, पूजेचे साहित्य, खोटे दागिने, पोळपाट-लाटणी यांची दाटी झाली आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्याशी घासाघीस करण्यास हरकत नाही. ठरलेल्या किमतीच्या दुकानात ती करू नये, तिथे दुकानदाराच्या नजरेतूनच उत्तर मिळते.

वेळ राखून ठेवावा तो तांबट आळीसाठी. मंडईहून मेट्रोने एकच स्थानक पुढे, कसबा पेठेत उतरून विचारत जावे. ठोक्यांचा आवाज ऐकू आला की पत्ता सापडला असे समजावे. भांड्यावर हातोडीचे ठोके घालून जे बारीक खळगे पाडतात त्या कामाला मठार म्हणतात. ते केवळ शोभेसाठी नसते. ठोकल्याने मऊ तांबे घट्ट होते आणि भांड्याला सहजी पोचा पडत नाही. म्हणून भांडे उन्हात तिरके धरून पाहावे: हातमठारीच्या ओळी नियमित असल्या तरी प्रत्येक खळगा किंचित वेगळा चमकतो, तर साच्यातून काढलेली नक्षी सगळीकडे तंतोतंत सारखी असते. भाव वजनावर लावला आहे की नगावर, हे आधी विचारावे. पाणी साठवण्याचे भांडे बिनकल्हईचे चालते. पण ज्यात आमटी, चिंचेचे सार किंवा ताक ठेवायचे त्याला आतून कल्हई हवीच, कारण आंबट पदार्थ तांब्याला लागला की कळकतो.

जड भांडी घेतल्यावर पुन्हा लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत शिरण्यात अर्थ नाही, तेव्हा कापडखरेदी असल्यास ती आधी उरकावी. दुपारी एक ते चार पुण्यातली दुकाने बंद असतात हा विनोद आता जुना झाला असला, तरी लहान दुकानांच्या बाबतीत तो अधूनमधून खरा ठरतो. ती वेळ जेवणासाठी ठेवावी. उन्हे कलल्यावर मस्तानी प्यावी. दाट दुधावर आइस्क्रीमचा गोळा घातलेल्या या पेयानंतर तासभर तरी दुसरे काही खाण्याची इच्छा राहत नाही, त्यामुळे ते जेवणाला जोडून घेऊ नये. पाहुण्यांसाठी बाकरवडी न्यायची असेल तर ती अगदी शेवटी घ्यावी आणि पिशवीत सर्वांत वर ठेवावी, तांब्याच्या हंड्याखाली नव्हे.

कॅम्पातील महात्मा गांधी रस्ता, फॅशन स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट यांसाठी स्वतंत्र दिवस काढावा. तिथल्या 1955 सालापासूनच्या कयानी बेकरीत श्रूजबेरी बिस्किटे घ्यायची असतील तर सकाळीच रांगेत उभे राहावे आणि कपडे नंतर पाहावेत.