ट्रेकचं सामान ऑनलाइन घेताना या चुका टाळा: फोटोत बर्फ, अंगावर नागपूर

पचमढीजवळच्या नागद्वारीच्या वाटेवर दुसऱ्याच उतारावर माझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि पाऊल उचललं की बेडकासारखा तोंड वासू लागला. बूट जवळजवळ नवे होते. म्हणजे वापरानं नवे, वयानं नाही. तीन वर्षांपूर्वी सेलमध्ये घसघशीत सूट बघून मागवले, दोनदा घातले आणि खोक्यासकट माळ्यावर टाकले. वर स्लॅब, बाहेर मे महिना. मागून येणाऱ्या अमरावतीकडच्या एका काकांनी थैलीतून सुतळी काढली, सोल बांधून दिला आणि म्हणाले, "काहून बाप्पा, एवढे महागाचे बूट घेतले अन् सुतळी नाई आणली?" त्यांच्या पायात प्लास्टिकच्या सँडल होत्या. दहा मिनिटांत ते दिसेनासे झाले.

तेव्हा मी कंपनीला शिव्या घातल्या. नंतर कळलं की निम्मी चूक माझीच. ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांत मधला थर पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. हवेतला ओलावा त्याचे रासायनिक बंध तोडत राहतो, आणि उष्णता हे काम लवकर उरकते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट पायात असो वा खोक्यात, ही झीज थांबत नाही. वरून चामडं चकचकीत, आत भुगा. म्हणून सेलमध्ये सूट जितकी मोठी, तितकी शंकाही मोठी ठेवा: हा माल गोदामात किती उन्हाळे पडून होता? बूट हातात आले की आधी खोक्यावरच्या लेबलवर बनवल्याचा महिना आणि वर्ष बघा. सोल वाकवून बघा, कडेचा फोम अंगठ्यानं दाबा. बारीक तडे दिसले, चिकट लागलं किंवा कण सुटले, तर त्याच दिवशी परत करा. आणि घरी माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बूट ठेवू नका. पलंगाखाली ठेवा, आई ओरडली तरी.

दुसरी चूक जास्त पसरलेली आहे, कारण ती सल्ल्याच्या वेषात येते. ट्रेकिंगवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, कॉटन घालू नका असं पहिल्या दोन मिनिटांत सांगतील. सल्ला खरा आहे, पण थंडीतला. सुती कापड घाम धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि गार वाऱ्यात ओलं कापड अंगातली ऊब ओढून नेतं. उत्तराखंडात केदारकंठ्याच्या बर्फात जाणाऱ्यानं हे पाळावंच. पण मे महिन्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवर 44 अंशांत उघड्या जिप्सीत बसणाऱ्याचं काय? त्याला ओलं कापड हवंच असतं. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. कोरडी हवा ओल्या खसमधून जाते, पाणी उडतं, हवा गार होते. घामानं ओला सुती शर्ट आणि डोक्याला गुंडाळलेला ओला दुपट्टा म्हणजे अंगावरचा कूलर. मे महिन्याच्या सफारीसाठी मी सैलसर, पूर्ण बाह्यांचा, जाडसर विणीचा सुती शर्टच घेतो. पातळ पांढऱ्या टी-शर्टातून ऊन बरंच आत येतं, म्हणून वीण दाट हवी. सिंथेटिक घ्यायचंच असेल तर यूपीएफचा आकडा बघा. यूपीएफ 50 म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपैकी फक्त पन्नासावा हिस्सा, 2 टक्के, कापडातून आत येतो.

आणि तोच कूलर जुलैत का चालत नाही, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. हवेतच वाफ भरलेली, पाणी उडणार कुठं? महागड्या रेनकोटाचं दुखणं नेमकं हेच आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं की पाणी आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. ती वाफ बाहेर जाते आतल्या-बाहेरच्या फरकावर. बाहेर थंड आणि कोरडं असेल तर छान जाते. श्रावणात पचमढीच्या चढावर बाहेरही वाफच. त्या दिवशी मी पावसानं नाही, घामानं भिजलो, आणि छत्रीवाले लोक माझ्यापेक्षा कोरडे होते. आपल्याकडच्या पावसासाठी माझं मत: छत्री किंवा डोक्यावरून घालायचा सैल पाँचो, आणि भिजलं तरी लवकर वाळणारे कपडे. इथे मात्र सुती नको.

रेनकोट घ्यायचाच असेल तर वर्णनात तीन गोष्टी शोधा. 'वॉटर रेझिस्टंट' आणि 'वॉटरप्रूफ' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला फक्त थोडा वेळ तग धरतो. मग मिलिमीटरमधला आकडा. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की ते पाझरू लागतं, ते तो आकडा सांगतो. 1,500 रिमझिमीला पुरतो. खांद्यावर सॅकचे पट्टे दाबत असतील आणि पाऊस तासभर धो-धो असेल तर 10,000च्या आसपास बघा. तिसरं म्हणजे शिवणी. आतून शिवणींवर टेप नसेल तर कापड कितीही भारी असो, पाणी सुईच्या भोकातून येतं. जॅकेट उलटं करून काढलेला फोटो दिलेला नसेल तर मी ते घेत नाही.

स्लीपिंग बॅगच्या आकड्यात तर सरळ फसगत होते. मोठ्या अक्षरांत 'उणे 10' लिहिलेलं असतं, पण कुठलं उणे 10? आयएसओ 23537 या मानकानुसार तपासलेल्या बॅगेला कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे मिळतात. एक्स्ट्रीम म्हणजे झोपेचा आकडा नव्हे, कसाबसा जीव तगून राहण्याचा. विक्रेते अनेकदा तोच ठळक छापतात. खरेदी कम्फर्टच्या आकड्यावर करा. वर्णनात तो नसेल तर विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर आलं नाही तर पुढे चला. उलटी चूकही होते: डिसेंबरात रामटेकजवळ खिंडसीला एक रात्र काढायची, पारा 8-10 अंशांवर, आणि आमचा एक मित्र बर्फातली बॅग घेऊन आला. रात्री दोन वाजता ती खाली अंथरून, अंगावर आईची चादर घेऊन झोपला. हिवाळी सफारीलाही जाड जॅकेटपेक्षा वारा अडवणारं पातळ जॅकेट आत स्वेटर घालून जास्त कामी येतं, कारण पहाटे उघड्या जिप्सीत थंडीपेक्षा वारा झोंबतो.

दुर्बिणीबद्दल एकच. '30x60' लिहिलेली, खिशात मावणारी, स्वस्त दुर्बीण घेऊ नका. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास. 60 मिमीची काच खिशात मावेल का, मोजपट्टी घेऊन बघा. आणि तीस पट खरंच असतं तर हातात धरून चित्र नाचत राहिलं असतं. जंगलासाठी 8x42 घ्या.

पैसे जातात ते मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेनं. रीलमध्ये दिसलेली, मोठ्या ब्रँडच्या नावाशी मिळतीजुळती, 80 टक्के सूट देणारी साइट आणि 'फक्त यूपीआय'. पत्ता नाही, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नाही, परताव्याचे नियम नाहीत, तर तिथून निघा. पैसे गेलेच तर वाट न बघता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माल सदोष निघाला आणि विक्रेता टोलवाटोलवी करतोय, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते. विक्रेत्याच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, पार्सलवरच्या लेबलपासून सुरू करून, मध्ये न थांबवता.

मापाचं तेवढं राहिलं, आणि बरेच परतावे त्याच्यामुळेच होतात. संध्याकाळी मोजे घालून कागदावर उभे राहा, टाच भिंतीला टेकवा, सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीची खूण करा. सकाळी मोजू नका, दिवसभरात पाय फुगतो. ती लांबी सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. नुसत्या 8 नंबरवर जाऊ नका, यूकेचा 8 आणि यूएसचा 8 एक नव्हे. बुटात पुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. सॅकचं माप तुमच्या उंचीवर नाही, पाठीवर ठरतं. मान खाली घातल्यावर मागे टोचणारं हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्यातलं अंतर कुणाकडून तरी टेपनं मोजून घ्या.

परत करण्याची मुदत संपायच्या आत घरातच चाचणी घ्या. टॅग काढायचे नाहीत, बूट बाहेर घालायचे नाहीत. जिना आधी स्वच्छ पुसून घ्या, सॅकमध्ये तांदूळ-डाळीच्या थैल्या मिळून आठ-दहा किलो भरा आणि अर्धा तास चढ-उतर करा. वजन कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं. खांदे दुखू लागले तर पट्टे जुळवून बघा, तरी दुखले तर सॅक परत. तिसऱ्या फेरीला वरच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून विचारतातच, "कुठं चालला रे, गावाले?" मी म्हणतो, हो काकू, तांदूळ घेऊन.