संशोधनाचा डेटा रिपॉझिटरीत ठेवण्यापूर्वी

शोधनिबंधाला आधार असलेला मूळ डेटा सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन डेटासंग्रहात, ठेवून त्याचा डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) कळवावा, अशी अट आता अनेक नियतकालिके घालतात. संपादकांचे पत्र आल्यावर या कामाला बसणाऱ्याची धांदल उडते, कारण फाइल चढवण्याचे काम अर्ध्या तासाचे असले, तरी ती परक्या माणसाला कळेल अशी करण्याचे काम तेवढ्यात आटोपत नाही. सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ: पुण्यातील एका विद्यार्थिनीने विठ्ठलवाडी, ओंकारेश्वर आणि संगम पूल येथे मुठेच्या पाण्याचे वर्षभर नमुने घेतले आहेत आणि काठावरच्या घरांची पाहणीही केली आहे.

मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे आणि अंतिम तक्ते सीएसव्ही स्वरूपात (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल), देवनागरीही नीट जपणाऱ्या युटीएफ-८ संकेतनात जतन करावेत. सर्वाधिक चुका तारखांत होतात. ०५/०७ म्हणजे आपल्याकडे ५ जुलै, पण अमेरिकी पद्धतीने ७ मे. म्हणून २०२४-०७-०५ असा वर्ष-महिना-दिवस क्रम सर्वत्र ठेवावा. उत्पन्नाच्या स्तंभातील १,२५,००० मधले स्वल्पविराम काढून टाकावेत, अन्यथा अवतरणचिन्हांत नसलेली ती एक संख्या सीएसव्हीत तीन रकान्यांत विभागली जाते. देवनागरी अंक तर अनेक प्रणाली संख्या न समजता मजकूर समजतात. त्यामुळे प्रत्यक्ष तक्त्यात इंग्रजी अंकच (0 ते 9) बरे. मुलाखतींचे टंकलेखन श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये झाले असेल, तर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळल्यास पुढच्या वाचकाला निरर्थक अक्षरांची रांग तेवढी दिसेल.

रिकाम्या रकान्याचे अर्थही ठरवून द्यावे लागतात. त्या दिवशी नमुना घेतलाच नाही, मीटर बंद पडला, की घटकाचे प्रमाण उपकरणाच्या मोजमर्यादेखाली होते? या तिन्ही गोष्टींना वेगवेगळे संकेत द्यावेत आणि त्यांपैकी कशासाठीही शून्य वापरू नये.

त्यानंतर रीडमी फाइल, म्हणजे डेटासोबत ठेवायची माहितीची फाइल. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. प्रत्येक स्तंभाचे नाव, अर्थ आणि एकक, नमुन्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश, उपकरण आणि मोजणीची पद्धत, हे सारे तिच्यात यावे. मात्र ज्या बाबी संशोधकाला इतक्या परिचित असतात की लिहाव्याशा वाटत नाहीत, त्या विशेषकरून नोंदवाव्यात. खडकवासला धरणातून पाणी सोडल्यानंतर घेतलेला नमुना आणि उन्हाळ्यात प्रवाह रोडावल्यावर घेतलेला नमुना यांची तुलना कोणत्या आधारावर करायची, हे पुणेकराला विचारावे लागणार नाही. पण तक्ता उघडणारा पुणेकर असेलच असे नाही.

घरांच्या पाहणीबाबत केवळ नावे आणि फोन क्रमांक काढून भागत नाही. एखाद्या पेठेचे नाव, वय, व्यवसाय आणि कुटुंबातील माणसांची संख्या एकत्र आली, की शेजाऱ्याला घर ओळखता येते. वय गटांत मांडावे, पेठेऐवजी मोठा विभाग द्यावा आणि संमतिपत्रात डेटा इतरांना देण्याची परवानगी घेतली होती का, हे आधी पाहावे. ती नसेल, तर पाण्याचा तक्ता खुला ठेवून पाहणीचा भाग रोखून धरणे हाच योग्य मार्ग; संस्थेच्या नैतिकता समितीचाही सल्ला घ्यावा.

डेटाच्या वापराचा परवाना निवडताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी-बाय ४.० घेतल्यास वापरकर्त्यावर श्रेयनिर्देशाचे बंधन राहते, तर सीसी-झिरोमध्ये ते कायदेशीर बंधन नसते. दुसऱ्या संस्थेकडून घेतलेली पावसाची आकडेवारी मात्र आपली नव्हे. पुनर्प्रकाशनाची परवानगी नसल्यास ती न जोडता कोठून मिळवली एवढेच नोंदवावे.

झेनोडोसारख्या रिपॉझिटरीत नोंद प्रकाशित करण्याआधीच डीओआय राखून ठेवता येतो, म्हणजे तो निबंधाच्या मुद्रितात घालता येतो. प्रकाशनानंतर शीर्षक किंवा वर्णन सुधारता येते, पण फाइल बदलायची तर सामान्यतः नवी आवृत्ती काढावी लागते आणि तिला स्वतंत्र डीओआय मिळतो. म्हणून प्रकाशनाचे बटण दाबण्यापूर्वी संपूर्ण संच प्रकल्पाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला द्यावा, निबंधातील एक आलेख केवळ रीडमीच्या आधारे पुन्हा काढायला सांगावे आणि तो जेथे अडेल तेथे तोंडी उत्तर न देता रीडमीत वाक्य वाढवावे.